चाऱ्याची मासोळी

बल्लारपुरात बसस्टँडच्या मागल्या गल्लीत मुश्ताक शेखचं वेल्डिंगचं दुकान होतं. शुक्रवारी नमाजापुरतं आणि रविवारी अख्खा दिवस ते बंद असायचं. रविवारी कोणी फाटकाची जाळी घेऊन आलंच, तर शेजारचा टेलर मशीनवरून मान न उचलता सांगायचा, की मुश्ताकभाई नदीवर गेले, निमगडेसंगं.

वामनराव निमगडे रेल्वेत पॉइंट्समन होते. १९८० साली सायकलचं कॅरिअर तुटलं म्हणून ते पहिल्यांदा दुकानात आले, तेव्हा हँडलला एक ओला डबा टांगलेला होता. डब्याच्या झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं होती आणि आत काहीतरी टपटप आवाज करत होतं. मुश्ताकनं झाकण उचलून पाहिलं, तर बोटाएवढ्या दहा-बारा मासोळ्या. एवढ्याशानं कोणाचं पोट भरणार, असं तो हसून म्हणाला. वामनरावांनी सांगितलं की ह्या खायच्या नाहीत, हा मरळीचा चारा आहे. मुश्ताक तेव्हा छत्तीसचा होता, वामनराव बेचाळीसचे. पुढच्या रविवारी दोघं मिळून नदीवर गेले, आणि तेव्हापासून अठरा वर्षं जात राहिले.

वर्धा नदी गावापासून फार दूर नाही. पण त्यांची जागा पुलापासून बरीच वरच्या अंगाला होती. तिथे काळ्या खडकाखाली पाणी खोल आणि संथ होतं. मोठी मरळ अशा पाण्यात कपारीला धरून राहते. ती कणकेला येत नाही, मेलेल्या मासोळीला क्वचित येते. तिला जिवंत, हलणारं काहीतरी लागतं. म्हणून आधी चारा धरायचा आणि मग गरी, म्हणजे गळ, टाकायची.

चारा धरणं वामनरावांचं काम. खडकाच्या अलीकडे नदीचा एक उथळ फाटा रेतीतून वाहत होता. तिथे ते धोतर खोचून उतरत, मच्छरदाणीच्या तुकड्याची दोन टोकं काड्यांना बांधून पाण्यात आडवी धरत, आणि जवसाच्या ढेपेचा चुरा वरून सोडत. मग हलायचं नाही. सावलीही पाण्यावर पडू द्यायची नाही. मासोळ्या चुऱ्यावर जमल्या की मच्छरदाणी हळूच खालून वर घ्यायची. हिसका दिला की सगळ्या पसार. डब्यातलं पाणी ते अर्ध्या अर्ध्या तासाला बदलत आणि वरून ओला दुपट्टा टाकून ठेवत. मग एकेक मासोळी काढून तिच्या पाठीच्या पराच्या मागे, कण्याला धक्का न लावता गरी टोचत. नीट टोचली तर ती तासभर पाण्यात फिरत राहते. टोचून झालं की दोर मुश्ताकच्या हाती. मरळ ओढून काढायला मुश्ताकच. त्याच्या मनगटात ताकद होती आणि गावात नावही त्याचंच झालं होतं. मासा सापडला की अर्धा अर्धा. मुश्ताकची बायको अख्तरी आपला वाटा तळायची, आणि वामनरावांची बायको गिरजाबाई जवसाची चटणी घालून रस्सा करायची. एकमेकांच्या घरी ताट जायचं.

मुश्ताक चाऱ्याला हात का लावत नाही, हे कोणी विचारलं तर तो उजवा पंजा दाखवायचा. दुकानातल्या प्रेसखाली त्याची दोन बोटं चेमटली होती, ती वाकत नसत. एवढीशी निसरडी मासोळी अशा हातानं कशी धरणार?

१९९८ च्या जानेवारीत गिरजाबाईला गिळता येईना. नागपूरला नेलं, तर अन्ननळीचा कॅन्सर निघाला. दीड महिना दवाखान्यात काढून घरी आणली आणि मार्चमध्ये ती गेली. त्या दिवसांत अख्तरीनं निमगड्यांच्या घरचं बरंचसं पाहिलं. सून रिना नवीन होती, मुलगा धम्मदीप ड्युटी सांभाळून धावपळ करत होता.

एप्रिलमध्ये मुश्ताक स्वतः जाऊन वामनरावांना नदीवर घेऊन आला. घरात बसून माणूस आणखी खचतो, असं त्याला वाटलं. त्या दिवशी वामनरावांनी चारा धरला, एक मासोळी टोचून दिली आणि थोड्या वेळानं पोट बरं नाही म्हणून एकटेच घरी निघून गेले. मुश्ताकला त्यात काही विशेष वाटलं नाही. मे महिन्यात वामनराव चिमूरकडच्या एका विहारात दहा दिवसांच्या शिबिराला गेले, डोकं मुंडवून, चीवर घालून राहिले. परतल्यावर पाऊस लागला, नदी गढूळ झाली, आणि रविवार चार-पाच महिने तसेच गेले.

दिवाळीच्या आधी पाणी निवळलं. मुश्ताकनं दोर तपासले, गऱ्या कानशीवर घासल्या आणि रविवारी सकाळी दुकानासमोर उभा राहिला. वामनराव सायकलनं आले. हँडलला डबा नव्हता.

त्यांनी सांगितलं की ते यापुढे चारा धरणार नाहीत, टोचणार नाहीत. मुश्ताकची हरकत नसेल तर संगं येऊन बसतील.

मुश्ताकला आधी ते कळलंच नाही. मग त्यानं कारण विचारलं. वामनराव म्हणाले, पंचशिलातलं पहिलंच तर आहे, जीव घ्यायचा नाही. मुश्ताक म्हणाला की पंचशील काय आज आलं? तुझ्या बापानं छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली, तू तेव्हापासून म्हणत आला, आणि अठरा वर्षं माझ्यासंगं मरळ खाल्ली. वामनराव म्हणाले, हो, खाल्ली.

त्या एवढ्याशा उत्तरानं मुश्ताकचं डोकं फिरलं. शेजारचा टेलर ऐकत होता, समोर चहाच्या टपरीवर चार माणसं होती. मुश्ताक म्हणाला, "शिबिरात हेच शिकवलं काय? उद्या म्हणशील, मुश्ताकच्या घरचं पाणी चालत नाई."

बोलताक्षणी त्याला कळलं की हे तोंडातून जायला नको होतं. वामनरावांची आई गावच्या विहिरीपासून लांब, दुसऱ्यानं ओतलेलं पाणी घ्यायला घागर घेऊन उभी राहायची. हे वामनरावांनी नदीवर बसून त्यालाच सांगितलं होतं, आणखी कोणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. वामनरावांनी सायकल वळवली. रागानं काही बोलले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "येतो मी."

त्यानंतर मुश्ताक रोज ठरवायचा की संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊ, आणि संध्याकाळी दुकानात काहीतरी काम काढून बसायचा. अख्तरीनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग इथे काय बसलात. पण त्याचे पाय उचलत नव्हते. अपराधाच्या जोडीला एक हट्टही होता. वामनरावांवाचून आपलं अडत नाही हे एकदा दाखवावं, मग जाऊ, असं काहीतरी त्याच्या मनात होतं.

बाजारात हरिदास नावाचा ढिवर मासळी घेऊन बसायचा. मुश्ताकनं त्याला जिवंत मासोळ्या आणून देशील का म्हणून विचारलं. हरिदासनं पाटीतल्या मासळीवर पाणी शिंपडलं. जाळ्यातून काढेपर्यंत निम्म्या मरतात, म्हणाला, बाजारात आणेपर्यंत सगळ्या. आणि गरीवाल्यानं आपला चारा आपणच धरायचा असतो, नदीवरच. यात त्याला टोमणा मारायचा नव्हता, पण मुश्ताकला तो लागला.

पहिल्या रविवारी मुश्ताक एकटा गेला. घरची जुनी मच्छरदाणी कापून त्यानं काड्यांना बांधली होती. फाट्यात उतरला, ढेपेचा चुरा टाकला आणि मासोळ्या दिसताच मच्छरदाणी वर खेचली. हाती दोन खेकडे आणि पालापाचोळा. दुपारपर्यंत तेच. त्याला वामनराव कसे उभे राहायचे ते आठवत होतं, पण ते किती वेळ तसे उभे राहायचे हे कधी मोजलं नव्हतं. त्या वेळात तो खडकावर बसून बिडी ओढायचा, दोर सोडवायचा. शेवटी सहा मासोळ्या मिळाल्या. त्या डब्यात टाकून तो डोहापाशी गेला, निवांत भाकर खाल्ली, आणि झाकण उघडलं तर पाच पोट वर करून तरंगत होत्या. पाणी गरम झालं होतं. सहावी टोचेपर्यंत हातातून निसटून खडकाच्या भेगेत पडली.

दुसऱ्या रविवारी त्यानं ओला दुपट्टा नेला, पाणी बदलत राहिला. गुडघाभर पाण्यात इतका वेळ उभं राहून पोटऱ्यांना गोळे आले. पण मच्छरदाणी हळूच उचलण्याचं त्याला जमलं. अकरा मासोळ्या डब्यात जिवंत होत्या. तो डबा घेऊन खडकावर बसला.

एक मासोळी त्यानं डाव्या हातात घेतली. ती त्याच्या तळहातापेक्षा लहान होती, पाठ हिरवट, पोट पांढरं. वाकत नसलेली बोटं त्यानं तिच्यावर दाबून धरली आणि अंगठ्यानं गरी टेकवली. गरी खवल्यावरून घसरली. त्यानं पकड घट्ट केली. तेव्हा त्याला तळहाताशी तिच्या अंगातली धडधड कळली. एवढ्या अंगात एवढी जोरात. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. गरी दुसऱ्यांदा टेकवली ती खोल गेली, कण्यात. मासोळी एकदम ताठ झाली आणि मग काहीच नाही.

दुसरीचंही तसंच झालं. तिसरी नीट टोचली गेली. तोवर त्याच्या हाताला रक्ताचे बारीक ठिपके लागले होते आणि कपाळावर घाम आला होता.

दोर पाण्यात सोडून तो बसला, तेव्हा त्याला ऐंशी सालचा तो पहिला रविवार आठवला. वामनरावांनी एक मासोळी त्याच्या हातात दिली होती आणि गरी पुढे केली होती. त्यानं ती परत दिली होती. तू कर, मला नाही जमत, असं म्हणून तो हात धुवायला पाण्यापाशी गेला होता. त्याची बोटं प्रेसखाली सापडली ती शहाऐंशी साली, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी. मधल्या सहा वर्षांत दोन्ही हात धड होते. अठरा वर्षं प्रत्येक वेळी टोचायची वेळ आली, की तो दोर सोडवत होता, बिडी पेटवत होता, नदीकडे पाहत होता. आणि पंजा दाखवून सांगायची इतकी सवय झाली होती, की त्याचं त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

अर्ध्या तासानं दोर ताणला. मरळ मोठी होती, तीन किलोच्या वरची. त्यानं ती ओढून काढली. दरवेळी अशा वेळी वामनराव उठून दुपट्टा घेऊन पुढे यायचे, मासा त्यात गुंडाळायचे. मुश्ताकनं तिला खडकावर पाय देऊन दाबलं. डब्यात आठ मासोळ्या उरल्या होत्या. त्यानं डबा फाट्यात रिकामा केला आणि घराकडे निघाला.

मासा अख्तरीच्या स्वाधीन करून त्यानं अंघोळ केली, सदरा बदलला आणि वामनरावांच्या घरी गेला. दिवस मावळायला अजून अवकाश होता. वामनराव दारातल्या ओट्यावर बसून तूर निवडत होते. त्यांनी सूप मांडीवर घेऊन जागा केली. रिनानं पाणी आणून दिलं. मुश्ताकनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"त्या दिवशी पाण्याचं बोललो," तो म्हणाला. "चार माणसांत बोललो. मले माफ कर, वामनभाऊ."

वामनरावांनी तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाले, "लागलं मले ते."

"मले मालूम आहे."

"तू बोलला म्हणून लागलं. दुसऱ्यानं बोललं असतं तं मी उभा बी नसतो राह्यलो."

मुश्ताकनं मान खाली घातली. मग त्यानं दोन्ही रविवारचं सांगितलं. मेलेल्या मासोळ्या, कण्यात गेलेली गरी, मरळ. शेवटी हाताचं सांगितलं. बोटं नंतर चेमटली, आधी तर हात चांगला होता, आपल्याला टोचवत नव्हतं म्हणून आपण ते तुझ्यावर ढकललं, असं त्यानं सरळ सांगितलं.

वामनरावांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "मले माहीत होतं," ते म्हणाले. "तुले नाई पाह्यवत, हे मले पहिल्याच दिवशी दिसलं. म्हंटलं, ठीक आहे, मी करतो. मले काही वाटत नव्हतं तेव्हा."

"मंग आता काऊन वाटून राह्यलं? शिबिरात कोणी बोललं काय?"

"शिबिरात कोण काय बोलणार? शिबिराच्या आधीचं आहे." वामनरावांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. घरात रिना होती, म्हणून ते आवाज उतरवून बोलले. "नागपूरले गिरजाच्या नाकातून नळी टाकत होते, जेवणासाठी. ती टाकू देत नव्हती. नर्सनं मले सांगतलं, हात धरा. मी धरले. दोन्ही हात दाबून धरले. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. माझ्याकडेच पाहत होती. असं तीनदा झालं, तीन वेळा नळी निघाली अन् तीन वेळा मी हात धरले."

मुश्ताकनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"एप्रिलमध्ये तू मले नदीवर नेलं. मासोळी धरली हातात, टोचली, अन् तिनं तोंड उघडलं. तेव्हापासून नाई होत मले. पोट गिट काही दुखत नव्हतं. शिबिरात गेलो ते त्यासाठीच. वाटलं, तिथी गेल्यावर कोणाले तरी सांगता येईल. पण तिथीबी नाई सांगतलं."

"मले सांगायचं होतं."

"तुले तं मुळीच नाई सांगू शकत होतो. तुले पाह्यवत नाई म्हणून तं मी टोचत होतो ना. अन् शिलाचं सांगणं सोपं गेलं."

एवढं बोलून वामनराव रडले. गिरजाबाईला अग्नी दिला तेव्हा ते रडले नव्हते. मुश्ताक त्यांच्याजवळ सरकून बसला आणि आपला तो चेमटलेला पंजा त्यांच्या पाठीवर ठेवून राहिला. रिना चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच मागे वळली.

काही वेळानं मुश्ताक म्हणाला की तू तिचे हात तिला जेवण जावं म्हणून धरले. वामनराव म्हणाले, ते कळतं, रोज स्वतःला तेच सांगतो. पण ती पाहत होती ना, ते जात नाही. मुश्ताकनं सूप पुढे ओढलं आणि डाव्या हातानं तुरीतले खडे वेचायला लागला.

निघताना त्यानं विचारलं, पुढल्या रविवारी येशील का? मी गरी सोडणार नाही, तुला खोटं सांगत नाही. पण चारा माझा मी धरीन, टोचीनही मीच. तुला नको वाटलं तर येऊ नको.

वामनराव आले. त्यांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला होता आणि संगं एक बिसलेरीची रिकामी बाटली होती. मुश्ताक फाट्यात उतरला तेव्हा ते काठावर बसून राहिले, आणि त्याची सावली पाण्यावर पडत होती ते सांगायचा त्यांना मोह झाला, पण त्यांनी सांगितलं नाही. मुश्ताकला चारच मासोळ्या मिळाल्या. पूर्वी वामनराव बारा-पंधरा धरायचे. मुश्ताक म्हणाला, चार पुरे. डब्यातलं पाणी मात्र वामनरावच बदलत राहिले, बाटलीनं थोडं थोडं, गढूळ न करता.

टोचायच्या वेळी मुश्ताकनं त्यांना वरच्या झाडाखाली जाऊन बसायला सांगितलं. वामनराव गेले नाहीत. ते तिथेच बसले, मान वळवली नाही. मुश्ताकनं मासोळी हातात घेतली आणि या वेळी नजर नदीकडे न वळवता सावकाश टोचली. पराच्या मागे, कण्याच्या वर. नीट टोचली गेली.

त्या दिवशी मरळ लागली नाही. उन्हं कलली तेव्हा मुश्ताकनं दोर ओढून घेतला. मासोळी अजून जिवंत होती. त्यानं गरी उलट्या बाजूनं फिरवून काढली आणि तिला उथळ पाण्यात सोडलं. ती आडवी झाली, वाहत थोडी पुढे गेली, मग एकदा शेपटी हलली आणि खडकाच्या सावलीत दिसेनाशी झाली.

"वाचंल काय?" मुश्ताकनं विचारलं.

वामनराव पाण्याकडे पाहत होते. "सांगता येत नाई," ते म्हणाले. "काही वाचतात."

डब्यातल्या तिघी त्यांनी स्वतः फाट्यात सोडल्या, डबा पाण्यात आडवा धरून, एकेक बाहेर पडेपर्यंत. मग दोघं सायकली हातात धरून रेतीतून वर चढले. चढावर वामनरावांना दम लागला, म्हणून बाभळीखाली थांबले. मुश्ताक म्हणाला की घरी अख्तरीनं वांग्याची भाजी केली आहे, जेवूनच जा. वामनराव बरं म्हणाले. आणि पुढल्या रविवारी थोडं लवकर निघू, म्हणाले, उन्हं आता लवकर उतरतात.